बिघाड नेमका कुठे?

नीतिशास्त्राच्या जुन्या लॅटिन पाठ्यपुस्तकांत टीशियस आणि केयस नावाची दोन माणसे पानोपानी भेटतात. टीशियस उसने घेतो, केयस परत मागतो. टीशियस घोडा विकतो, केयस फसतो. ही माणसे कधी जन्मली नाहीत. विद्यार्थ्यांच्या विवेकाला धार यावी म्हणून गुरुजनांनी त्यांना निर्माण केले. एखादे प्रकरण मांडायचे, त्याचे पदर एकेक करून सोडवायचे, आणि शेवटी दोष कुणाकडे किती जातो व भरपाई कुणी करावयाची ते सांगायचे, अशी ती पद्धत होती. पुढे ती मागे पडली. तिच्यात कायद्याचा कीस फार आणि कृपेची ऊब थोडी, अशी तिच्यावर टीका झाली व ती पुष्कळशी रास्तही होती. तथापि काही प्रश्न असे असतात की, प्रकरण म्हणून मांडल्यावाचून ते नीट दिसतच नाहीत. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतील असाच एक प्रश्न वाचकांपुढे ठेवावा असे आम्ही योजिले आहे. त्यातील माणूस टीशियसप्रमाणेच कल्पित आहे. त्याला आम्ही नुसते 'मिस्त्री' म्हणू. भीमेच्या किंवा घोडनदीच्या काठी राहणाऱ्या वाचकाला मात्र तो अगदीच अनोळखी वाटू नये.

मिस्त्रींचे गॅरेज दौंडच्या रस्त्याला आहे. ट्रॅक्टर, ट्रक, विहिरीवरची डिझेल इंजिने हे त्यांचे नित्याचे काम. हात चांगला, जीभ त्याहून चांगली. रविवारची मिस्सा सहसा चुकत नाही. दोन मुलांची शिक्षणे चालू आहेत आणि गॅरेजच्या जागेचे भाडे दरसाल वाढते आहे. एके दिवशी एक गृहस्थ येतो. त्याने दुसऱ्या जिल्ह्यातून एक जुनी बोट विकत आणली आहे. बोटीवर मोडीत निघालेल्या ट्रकचे सहा सिलिंडरचे इंजिन बसविलेले आहे आणि इंजिनाला नदीच्या तळातून वाळू ओढणारा पंप जोडलेला आहे. घेताना काठावर चालवून दाखविले तेव्हा इंजिन सुरेख चालले. पाण्यात उतरविल्यावर मात्र तासाभरात तापते, काळा धूर ओकते आणि बंद पडते. "काय झाले ते तुम्हीच बघा आणि रात्रीतून चालू करून द्या," गृहस्थ म्हणतो. मजुरी नेहमीच्या तिप्पट देऊ करतो. बोट कशासाठी आहे हे मिस्त्री विचारीत नाहीत. विचारण्याची गरजही नसते.

मिस्त्रींनी काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर देण्याची आम्हांला घाई नाही. प्रथम त्यांच्याबरोबर त्या इंजिनापाशी जाऊन बसावे असे वाटते. कारण चांगला कारागीर बिघाड शोधतो कसा, हे पाहण्यासारखे असते, आणि पुढे जो विचार करावयाचा आहे त्यालाही ते उपयोगी पडेल.

कच्चा कारागीर आवाज जिथून येतो तिथे हात घालतो. इंजिन तापले की थेट हेड उघडतो, धूर काळा दिसला की नोझल बदलतो. मालकाचे पैसे जातात आणि दोष होता तिथेच राहतो. मुरलेला कारागीर आधी विचारतो. थंड असताना लगेच सुरू होते का? पंप जोडलेला नसताना किती वेळ चालते? धूर पहिल्यापासून काळा की तापल्यानंतर? पांढऱ्या धुराचा अर्थ वेगळा. पाणी सिलिंडरात शिरत असल्याची ती खूण असू शकते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, रिंगा झिजल्या असाव्यात. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. हवा कमी पडते आहे किंवा बोजा जास्त झाला आहे. मग तो डिझेलच्या टाकीकडे वळतो. नदीवर राहणाऱ्या टाकीत पाणी शिरते, तळाशी गाळ साचतो आणि फिल्टर तुंबतो. नळीचा एखादा जोड सैल असेल तर, गॅरेजच्या भाषेत, इंजिन 'हवा घेते'. मग ती हवा काढल्यावाचून ते धड चालत नाही. त्यानंतर पाण्याची वाट. अशा बोटींवर पुष्कळदा रेडिएटर काढून टाकलेला असतो आणि इंजिन थंड ठेवण्यासाठी नदीचेच पाणी त्यातून फिरविलेले असते. त्या पाण्याबरोबर बारीक रेती आत जाते, वाटा बुजतात आणि इंजिन तापून हेड गॅस्केट उडते. काठावर दहा मिनिटे चालविल्याने यातले काहीच कळत नाही. विकणाऱ्याला ते ठाऊक असते. म्हणूनच तो दहा मिनिटेच चालवितो.

आणि एवढे सारे तपासून झाले तरी दोष इंजिनात नसण्याचा संभव राहतोच. तो पंपात असू शकतो. पंपाच्या या स्वभावाची उत्तम ओळख जगाला झाली ती एका निराळ्याच बोटीमुळे. न्यूझीलंडच्या उथळ, खडकाळ नद्यांतून पंख्याची बोट चालत नाही; पंखा तळाच्या दगडांवर आपटतो. बिल हॅमिल्टन नावाच्या तेथील शेतकरी-यंत्रज्ञाने १९५० च्या दशकात यावर उपाय काढला. बोटीच्या पोटातून पाणी ओढून घ्यावयाचे आणि पंपाच्या जोराने मागे फेकावयाचे. त्या झोतावर बोट पुढे जाते. हीच जेट बोट. १९७७ साली एव्हरेस्टवीर सर एडमंड हिलरी अशा तीन बोटी घेऊन भारतात आले आणि गंगासागरापासून प्रवाहाच्या उलट दिशेने थेट नंदप्रयागापर्यंत गेले. तेथे धबधब्याने वाट अडविली तेव्हाच बोटी थांबल्या. ज्यांनी जुनी जेट बोट विकत घेतली आहे त्यांची एक तक्रार ठरलेली असते: इंजिन जोरजोराने ओरडते आणि बोट मात्र जागची हलत नाही. बिचारे इंजिन उघडून बसतात. दोष बहुधा खाली असतो. पाणी ओढून घेणाऱ्या तोंडावरची जाळी शेवाळाने वा गोट्यांनी तुंबलेली असते, किंवा आतला फिरता पंखा रेतीने खाऊन टाकलेला असतो. पंखा आणि त्याभोवतालचे कडे यांत मूळचे अंतर अगदी थोडे. ते वाढले की पाणी मागे फेकले जाण्याऐवजी तिथल्या तिथे घुसळत राहते. जेट बोटीची रेती ही वैरीण आहे. मिस्त्रींपुढची बोट रेतीसाठीच पाण्यात उतरली आहे, म्हणून तिचा पंप तर त्याहूनही लवकर झिजतो. मुळामुठेच्या पाण्याबरोबर पुण्याहून वाहत येणारी जलपर्णी ओढनळीच्या तोंडाशी अडकली की आणखी एक कारण तयार होते. पंप जड झाला की बोजा इंजिनावर येतो, इंजिन काळे ओकते, आणि पाहणारा म्हणतो, इंजिन वाईट.

आवाज एकीकडे आणि दोष दुसरीकडे, एवढे येथे ध्यानात ठेवू.

आता प्रकरणाचा पहिला पदर. बोट विकणाऱ्याने दोष लपविला, तर त्याने अन्याय केला काय? संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या महाग्रंथात खरेदीविक्रीतील कपटाला एक स्वतंत्र प्रश्न वाहिला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: दोष उघड दिसणारा असेल, उदाहरणार्थ घोडा एका डोळ्याने आंधळा असेल आणि किंमतही त्या मानाने उतरविलेली असेल, तर विकणाऱ्याने दवंडी पिटण्याची गरज नाही. पण दोष आतला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल वा जिवाला धोका पोचणार असेल, तर तो सांगितलाच पाहिजे. न सांगता विकणारा नुकसानभरपाईस बांधलेला आहे. लंगडा घोडा चपळ म्हणून विकणे, पडके घर भक्कम म्हणून विकणे, नासलेले अन्न चांगले म्हणून विकणे ही त्यांची उदाहरणे आहेत. सातशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी जुन्या मोटारींच्या बाजारात जाणाऱ्याला ती परकी वाटणार नाहीत. घेणारा स्वतः वाळूचोर आहे म्हणून त्याला फसविले तरी चालते, असा युक्तिवाद कुणी केला तर तो आम्हांस मान्य नाही. चोरालाही खोटे माप देता येत नाही. शिवाय बोट मधेच बंद पडली तर तिच्यावर असतात ते मजूर, घेणारा नव्हे. हे मजूर पुष्कळदा दूरच्या राज्यांतून आलेले असतात आणि त्यांतल्या कित्येकांना ही नदी कुठून वाहत येते हेही ठाऊक नसते.

दुसरा पदर मिस्त्रींच्या निदानाचा. समजा, त्यांनी काम घेतले. खरा दोष पंपाच्या नळीत आहे, दोनशे रुपयांचे काम आहे, हे त्यांना कळले. ते सांगावे, की "इंजिन उतरवावे लागेल" म्हणून हजारोंचे काम काढावे? इथे उत्तर इतके सरळ आहे की त्यावर शाई खर्ची घालू नये. निदान ही कारागिराने दिलेली साक्ष असते आणि आठवी आज्ञा गॅरेजच्या दारात थांबत नाही. ऑइलने काळ्या झालेल्या हातांनी खरे बोलणारे मिस्त्री आमच्या परिचयाचे आहेत आणि त्यांच्याविषयी आम्हांला आदर वाटतो.

अवघड आहे तो तिसरा पदर. मुळात हे काम घ्यावे काय?

मिस्त्रींचा युक्तिवाद आपण सर्वांनी कधी ना कधी केलेला असतो. "फादर, मी वाळू काढीत नाही. मी इंजिन दुरुस्त करतो. इंजिन काही पापी नसते. उद्या डॉक्टरकडे चोर आला तर डॉक्टर औषध देत नाही काय? आणि मी नाही म्हटले तर पलीकडचा गॅरेजवाला करीलच की." यातला एकही शब्द टाकाऊ नाही. म्हणून त्याला उत्तर द्यावयाचे तर ते काळजीपूर्वक दिले पाहिजे.

१६७९ साली पोप अकरावे इनोसंट यांनी तत्कालीन सैल नीतिशिक्षकांची ६५ मते निषिद्ध ठरविली. त्यांत एका नोकराची गोष्ट आहे. मालकाला दुराचारासाठी परक्या घराच्या खिडकीतून आत शिरावयाचे आहे. नोकर खांदा देतो, शिडी आणतो, दार उघडतो. न केले तर मालक मारील वा कामावरून काढील, ही भीती त्याला आहे. एवढ्या भीतीपायी असे साह्य केले तर त्यात गंभीर पाप नाही, असे त्या शिक्षकांचे मत होते. पोप महोदयांनी ते नाकारले. पुढे संत आल्फोन्सस लिगोरी यांनी हाच नोकर पुन्हा विचारात घेतला. हा संत सेमिनरीत येण्यापूर्वी नेपल्समध्ये वकिली करीत असे आणि ख्रिस्तसभेने त्यांना पुढे नीतिशास्त्राचे अभ्यासक व पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू यांचा आश्रयदाता म्हणून घोषित केले. दुसऱ्याच्या दुष्कृत्यात आपला हातभार लागतो तो दोन प्रकारे, हा भेद त्यांच्यामुळे नीतिशास्त्रात स्थिरावला. एक प्रकार असा की, त्या माणसाच्या दुष्ट इच्छेतच आपण आपली इच्छा मिसळतो. हे कधीच क्षम्य नाही. दुसरा प्रकार असा की, आपली कृती स्वतः निर्दोष असते, पण तिचा वापर तो आपल्या दुष्ट हेतूसाठी करतो. असा हातभार सबळ कारण असेल तर सोसता येतो. मात्र आपण त्या कृत्याच्या जितके जवळ, तितके कारण वजनदार हवे.

हे माप मिस्त्रींना लावून पाहू. त्यांच्याकडे एक ट्रक आला. तो कधी ऊस वाहतो, कधी विटा, आणि कधी रात्री वाळूही वाहत असेल. त्याचे ब्रेक दुरुस्त केले तर मिस्त्री दोषी ठरत नाहीत. ट्रक शंभर कामांचा आहे आणि ब्रेक नसलेला ट्रक रस्त्यावर सर्वांच्याच जिवावर उठेल. डॉक्टरचेही तसेच. तो चोराच्या शरीरावर उपचार करतो, आणि चोरी हे त्या शरीराचे एकमेव काम नसते. पण वाळूचा पंप जोडलेली बोट? नदीच्या पात्रातून सक्शन पंपाने वाळू उपसण्यास राज्यात मनाई आहे. म्हणजे भीमेत उभ्या असलेल्या त्या बोटीला दुसरे कसलेही काम नाही. ती चालू करणे म्हणजे उपसा चालू करणे होय. मधे कुठलीही पायरी उरत नाही. रात्री, पाण्यावर, मालकाच्या देखत, पंप वाळू ओढू लागेपर्यंत तिथे थांबणारा मिस्त्री नोकराच्या फार जवळ उभा आहे. शिडी त्याने चोरीसाठी बनविलेली नाही, हे खरे. ती त्याने योग्य त्या खिडकीला लावून धरलेली आहे.

"मी नाही तर दुसरा करील" याला मात्र एका वाक्याचे उत्तर पुरे: दुसरा आपला हिशेब देईल.

इथे कुणी म्हणेल, थोडी वाळू काढली तर एवढे काय बिघडते? नदी दर पावसाळ्यात नवी आणते. आणते, पण वर धरणे झाल्यापासून पूर्वीइतकी नाही. आणि यंत्र एका रात्रीत जितकी ओढते तितकी साठायला नदीला किती पावसाळे लागतील ते सांगता येत नाही. वाळू म्हणजे नदीचा स्पंज. पावसाचे पाणी ती धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना उन्हाळ्यात पुरविते. वाळू गेली की पात्र खोल जाते, त्याबरोबर विहिरींचे पाणी खाली जाते, पुलांचे पाये उघडे पडतात आणि पात्रात डोह उरतात. बाहेरून पाणी सपाट दिसते. पोहायला उतरलेल्या पोराला, जनावरे धुणाऱ्या बाईला डोह कळत नाही. निर्गम ग्रंथात मोशेच्या नियमशास्त्रातील एक कलम आहे: कुणी खड्डा खणला, झाकला नाही आणि त्यात कुणाचा बैल वा गाढव पडले, तर खड्डेवाल्याने भरपाई करावी. तेथे बैलासाठी कायदा आहे. आमच्या नदीत माणसांसाठी असलेला कायदाही रात्री झोपतो.

कायदा नाही असे नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे विनापरवाना उपसा करणाऱ्यास दंड करण्याचा आणि यंत्रसामग्री जप्त करण्याचा अधिकार महसूल अधिकाऱ्यांना आहे. लहान क्षेत्रातील वाळू उपशालाही पर्यावरण खात्याची मंजुरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एका हरियाणाच्या खटल्यात सांगितले. नद्यांसारखी संपत्ती शासनाच्या मालकीची नसून शासन तिचे विश्वस्त आहे, हे तत्त्व त्याच न्यायालयाने १९९६ मध्ये बियास नदीच्या प्रकरणात मांडले होते. शिरूर आणि दौंडच्या महसूल पथकांनी पकडलेल्या बोटी जिलेटिनच्या स्फोटाने उडवून दिल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून वाचावयास मिळतात. भीमा ही या दोन तालुक्यांची सीमा. एका तीरावर पथक आले की बोट दुसऱ्या तीराला लागते. मजूर पाण्यात उड्या टाकून पळतात. धूर विरला की महिन्याभरात दुसरी जुनी बोट येते, तिच्यावर तसलेच भंगारातले इंजिन असते, आणि ते बिघडले की पुन्हा कुणी मिस्त्री शोधला जातो.

स्फोट आवश्यक असेलही. अधिकाऱ्यांच्या धाडसाला आम्ही कमी लेखीत नाही. रात्रीच्या वेळी नदीवर जाणे हे त्यांच्याही जिवावरचे काम आहे. पण हेही आवाज जिथून येतो तिथेच हात घालण्यासारखे झाले. पंप वाळू का ओढतो? कारण काठावर ट्रक उभा आहे. ट्रक का उभा आहे? कारण पुण्याच्या वाढत्या उपनगरांत, रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांभोवती, आणि आमच्या-तुमच्या गावातही, कुणीतरी घर बांधीत आहे आणि त्याला वाळू उद्या सकाळी हवी आहे. जगात दरसाल सुमारे ५,००० कोटी टन वाळू व खडी वापरली जाते, असे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ च्या अहवालात म्हटले आहे. त्या राशीत आपले एक-दोन ब्रास कुठे दिसणार? पण दिसत नाहीत म्हणून ते नाहीत असे होत नाही. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. स्लॅब, गिलावा, अंगणातली फरशी यांत तो केव्हाच मुरून जातो.

शासनाने २०२३ साली ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याचे धोरण जाहीर केले आणि २०२५ मध्ये पुन्हा लिलावाची वाट धरली. धोरणांची गुणवत्ता ठरविणे हे आमचे काम नव्हे. एवढे मात्र दिसते की, कुठलेही धोरण असले तरी विकत घेणाऱ्याने पावती मागितली नाही तर रात्रीची बोट चालतच राहते. दगड दळून केलेली कृत्रिम वाळू आता सर्वत्र मिळते आणि चांगले अभियंते ती वापरतात. तरी "नदीचीच आणा" म्हणणारे घरमालक आहेत. अनुवाद ग्रंथात सांगितले आहे की, नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा. न केल्यास वरून पडणाऱ्याचे रक्त त्या घराला लागेल. कठडा कशाचा बांधला आहे, हे विचारण्याची वेळ मोशेवर आली नव्हती. आमच्यावर आली आहे.

संत थॉमस यांनी दानाविषयी लिहिताना आणखी एक भेद केला आहे, तो येथे उपयोगी पडतो. काही पैसा असा असतो की तो मुळात दुसऱ्याचा असतो. तो परत करावा लागतो, त्यातून दानधर्म करता येत नाही. काही पैसा लाजिरवाण्या कामातून मिळालेला असतो. काम वाईट, पण दिलेला मोबदला चोरीचा नसतो, आणि त्यातून दान करता येते. बोटमालकाची कमाई आम्हांला पहिल्या प्रकारची वाटते. ती वाळू नदीची, म्हणजे काठच्या गावांची आणि पुढच्या पिढीची होती. गावच्या जत्रेला किंवा चर्चच्या सणाला त्याने देणगी देऊ केली तर ती देणगी नसून देणे आहे, आणि ते घेणाऱ्याने आधी विचारावे की हे ज्याचे आहे त्याला पोचले काय. मिस्त्रींची मजुरी मात्र श्रमाची आहे. त्यांनी एखाद्या रात्री काम केले असेल, तर ते पैसे परत करा असे आम्ही सांगणार नाही. पुन्हा जाऊ नका, असे सांगू.

आणि असे सांगून मोकळे होणे फार सोपे आहे. तिप्पट मजुरी सोडणारा माणूस घरी जाऊन बायकोला काय सांगतो, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आम्हांला आढळला नाही. टीशियसला बायको नव्हती. नकाराची किंमत केवळ एका रात्रीची मजुरी नसते. बोटमालकाचे ट्रकही असतात, ट्रॅक्टरही असतात. तो आणि त्याचे सोबती गॅरेजकडे पाठ फिरवितात. कधी धमकीही येते. सबळ कारण पाहावे, असे संत आल्फोन्सस म्हणतात तेव्हा ते याच गोष्टींविषयी बोलत असतात, आणि घाबरलेल्या माणसाचा दोष निर्भय माणसाइतका मोजू नये हे त्यांनीच शिकविले. म्हणून मिस्त्रींनी नकार द्यावा असे आमचे मत असले तरी त्या नकाराचा सगळा भार एकट्या मिस्त्रींनी वाहावा असे आमचे मत नाही. धर्मग्रामात ट्रॅक्टर बाळगणारी, विहिरीवर इंजिन असणारी, शाळेची बस चालविणारी कुटुंबे आहेत. त्यांनी आपले काम त्याच गॅरेजला द्यावे. व्हिन्सेंट डी पॉल संघाने मुलांच्या फीचा महिना सावरावा. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकावा असे सुचविले आहे. आमच्या भागात ते ऐकणे म्हणजे नदी आणि मिस्त्री या दोघांचेही ऐकणे होय. यांपैकी एकाचेच ऐकणारे प्रवचन करणे आम्हांला नेहमी सोपे गेले आहे, आणि ऐकणाऱ्यांनाही ते गोड लागते.

एक शंका उरते, आणि तिचे उत्तर दिल्यावाचून प्रकरण मिटत नाही. समजा, श्रावणातली रात्र आहे. वरच्या धरणांतून पाणी सोडले आहे, भीमा चढते आहे, आणि तीच बोट इंजिन बंद पडून मधोमध अडकली आहे. वर चार मजूर आहेत. मालकाचा फोन मिस्त्रींना येतो. आता काय?

आता विचार करीत बसू नये. आधी पोलिसांना आणि तहसील कचेरीला कळवावे, गावातल्या पट्टीच्या पोहणाऱ्यांना उठवावे, आणि बोटीपर्यंत जाण्याची सुरक्षित सोय होत असेल तर हत्यारांची पेटी उचलून जावे. पंपाचा पट्टा सोडवून, टाकीतले पाणी काढून, नळीतली हवा काढून इंजिन चालू करावे आणि बोट काठाला आणावी. काम तेच, हात तेच, इंजिनही तेच. पण या रात्री बोटीला दुसरे एक काम मिळाले आहे, माणसे काठाला आणण्याचे. चारही माणसे खाली उतरली, मोजली गेली, की मिस्त्रींनी इंजिन बंद करावे. सकाळी मालक गॅरेजवर येईल आणि म्हणेल, "रात्री तुम्हीच चालू केलीत, आता पंपही जोडून द्या." तेव्हा मिस्त्रींनी रात्रीच्या कामाची मजुरी सांगावी, नेहमीच्या दराने, आणि पुढचा ट्रॅक्टर कामाला घ्यावा.